रवंथाचा आवाज

आमची आजी रात्री निजायच्या आधी कंदील घेऊन गोठ्यात जायची आणि दारातच वात बारीक करायची. उजेड पडला की बसलेली जनावरे उठतात, म्हणून अंधार. मग ती नुसती ऐकत उभी राहायची. एक देवणी गाय, बैलांची जोडी, एक म्हैस. चौघांचे जबडे संथपणे हलत असायचे. त्यातला एक आवाज कमी आला की आजीची झोप उडायची. ‘ह्यानं रवंथ सोडलाय,’ एवढेच ती घरात येऊन सांगायची आणि दुसऱ्या दिवशी त्या बैलाला औताला जुंपले जात नसे.

निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. ताप आला, पोट बिघडले, कुठे दुखू लागले, भीती वाटली, वासरू तुटले, की हे तास आधी घटतात. बाकीची लक्षणे मागून येतात. आज मोठ्या डेअऱ्यांत गायीच्या गळ्यात एक पट्टा बांधतात. तो रवंथाची मिनिटे मोजतो आणि आकडा खाली आला की मालकाच्या मोबाईलवर निरोप पाठवतो. आजीचा कंदील आणि हा पट्टा, दोन्ही एकच गोष्ट विचारतात. जनावराला कसे वाटते आहे?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या पाळीव, शेतीतल्या आणि रानातल्या प्राण्यांच्या भावनिक स्वास्थ्यावर लिहिलेले लेख या पुस्तकात एकत्र आणले आहेत. विषय नवा वाटेल. पण आमच्या बोलीत त्याची शब्दसंपत्ती केव्हाची तयार आहे. विकत आणलेले जनावर नव्या दावणीला ‘खंत घेते’. जोडीतला एक बैल गेला की दुसरा ‘झुरतो’, चारा सोडतो. खोंड ‘बुजते’, घोडे ‘बिथरते’, कुत्रे ‘हिरमुसते’, म्हैस ‘हात ओळखते’ आणि परक्याला धार देत नाही. हे शब्द वापरताना आपण अलंकारिक बोलतो आहोत असे कोणत्याही गुराख्याला वाटत नाही. डोळ्यांसमोर दिसते त्याचे ते नाव आहे.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, उंट, गाढवे, कुत्री, लाल कंधारी वळू असा सगळा प्राणिमेळा एका माळावर उतरतो. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणीचे कळप येतात: पांढराशुभ्र बालंक्या, तोंडाच्या बाजूंना काळा असलेला वानेरा, अंगभर काळे ठिपके मिरवणारा शेवरा. जाणता गिऱ्हाईक दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. पण त्याही आधी तो जनावरासमोर शांत उभा राहून त्याचा डोळा बघतो. डोळ्यातला पांढरा भाग जास्त दिसू लागला तर जनावर घाबरट किंवा मारके निघेल, हा त्याचा अंदाज. नॉर्वेतल्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला नेमका हाच पांढरा भाग मोजला. चारा दिसतो पण मिळत नाही अशा अवस्थेत तो वाढतो आणि चारा मिळाला की कमी होतो, असे त्यांना आढळले. बाजारातली नजर त्यामुळे शास्त्रीय झाली असे मी म्हणणार नाही. त्या नजरेला शास्त्राने गाठले, इतकेच.

पण इथे थांबलो तर हे पुस्तक स्वतःची पाठ थोपटणारे होईल. शब्द असणे वेगळे आणि त्या शब्दांना जागणे वेगळे. आमच्या त्याच गोठ्याच्या कोपऱ्यात म्हशीचे नर पारडू बांधलेले असायचे. त्याच्या वाट्याला दूध उरत नसे. त्याचे बारीक ओरडणे आजीच्या कानापर्यंत पोचत होते की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ज्यांचे खांदे आपण तूप-हळदीने मळतो, त्याच बैलांना खोंड असताना भूल न देता बडवले जाते, नाकात वेसण घातली जाते, पाय लंगडला की तापल्या लोखंडाने डागले जाते. डागल्याने लंगडणे थांबते असे कितीतरी जण शपथेवर सांगतात. दुसरी वेदना इतकी मोठी की पहिली विसरायला होते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. पशुवैद्यकाकडे खच्चीकरणासाठी चिमटा आहे, जागा बधिर करण्याचे औषध आहे. उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय याच भागात आहे. तरीही कित्येक गावांत बडवणारा माणूस आधी आठवतो.

एक वाक्प्रचार घ्या. ‘गाय पान्हा चोरते.’ चोरीचा आळ सरळ गायीवर. 1941 साली अमेरिकेत एली आणि पीटरसन या शास्त्रज्ञांनी धार काढण्याच्या वेळी गायींना मुद्दाम दचकवले. कागदी पिशव्या फुगवून फोडल्या. दूध उतरेना. भीतीने अंगात ॲड्रिनलीन उसळते आणि कासेतले दूध सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम अडते, हे तेव्हापासून माहीत आहे. म्हणजे गाय काही चोरत नाही, घाबरलेली असते. वासरू मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीसमोर उभे करण्याची जुनी रीत होती. गाय ते चाटायची आणि पान्हवायची. त्या रीतीत फसवणूक होती, पण आईला वासरू लागते ही कबुलीही होती. आता वासराच्या जागी अनेक ठिकाणी ऑक्सिटोसिनची सुई आली आहे. त्यात ती कबुलीसुद्धा उरली नाही.

बाहेरच्या जगात हा विषय कसा वाढला ते नव्या वाचकाला थोडक्यात सांगायला हवे. सतराव्या शतकात देकार्तने प्राणी म्हणजे यंत्र असे मांडले आणि युरोपच्या प्रयोगशाळांवर त्या मताची छाया बराच काळ राहिली. बेंथमने 1789 मध्ये प्रश्न फिरवला: प्राणी विचार करू शकतो का, बोलू शकतो का, हे नको, तो दुःख भोगू शकतो का, ते सांगा. डार्विनने 1872 मध्ये माणूस आणि प्राणी यांच्या भावनाप्रकटनावर आख्खे पुस्तक लिहिले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी वर्तनवाद्यांनी दार लावून घेतले. मन दिसत नाही, मोजता येत नाही, म्हणून त्याविषयी बोलायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. त्या दंडकाने शिस्त आणली हे खरे, पण दोन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना ‘कुत्रा घाबरला’ असे साधे वाक्य लिहायचीही चोरी झाली.

ते दार पुन्हा उघडले ते प्राण्यांच्या घरी जाऊन त्यांना पाहणाऱ्यांनी. लोरेन्झ, टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांना 1973 चे नोबेल मिळाले. जेन गुडाल 1960 मध्ये गोंबेच्या जंगलात गेल्या आणि चिंपांझींना त्यांनी आकड्यांऐवजी नावे दिली, म्हणून विद्वानांनी त्यांना टोकले. हे वाचताना मला आमच्याकडचे सर्जा-राजा आठवतात. ज्या घरात वासराला तिसऱ्या दिवशी नाव मिळते त्या घराला हा वाद समजणारच नाही. 2009 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या डेअरीवाल्यांना विचारून पाहिले, तर गायींना नावाने हाक मारणाऱ्या गोठ्यांत दूध जास्त निघत होते. नावाने दूध वाढते असा त्याचा भोळा अर्थ काढू नये. जो नाव ठेवतो तो जवळ जातो, जवळ गेलेला माणूस लवकर ओळखतो, आणि गाय त्याला भीत नाही.

शेतीतल्या प्राण्यांची बाजू मात्र एका लेखिकेने लढवली. रूथ हॅरिसन यांनी 1964 मध्ये कारखानी पशुपालनावर पुस्तक लिहिले, ब्रिटिश सरकारला समिती नेमावी लागली, आणि 1965 च्या ब्रॅम्बेल अहवालातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ आकाराला आली: भूक-तहान, गैरसोय, दुखणे, भीती यांपासून मुक्ती आणि आपल्या जातीसारखे वागण्याची मोकळीक. नंतर न्यूझीलंडच्या डेव्हिड मेलर यांनी पुढचा मुद्दा मांडला. दुःख टाळले म्हणजे सुख आले असे होत नाही. खेळणे, चाटणे, सोबत, उन्हात पडून राहणे हेही मोजायला हवे. या शास्त्रात आजही तीन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, शरीर धड तर जनावर धड. दुसरा म्हणतो, निसर्गासारखे जगता येते का ते बघा. तिसरा म्हणतो, त्याला आतून काय वाटते तेच खरे. या पुस्तकातले लेखक तिन्ही बाजूंचे आहेत. माझा कल तिसऱ्याकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

‘आतून काय वाटते’ हे कळणार कसे? इथे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फार सुंदर काम झाले आहे. याक पँकसेप यांनी उंदरांना गुदगुल्या केल्या आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या पट्टीतली त्यांची किलबिल यंत्राने टिपली. उंदीर त्या हाताच्या मागे धावत येऊ लागले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला 2013 चा प्रयोग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो थेट आमच्या गोठ्याला भिडतो. कालवडी-गोऱ्ह्यांना शिकवले की एका रंगाचा पडदा दिसला तर दूध मिळेल, दुसऱ्या रंगाचा दिसला तर मिळणार नाही. मग मधल्या छटांचे पडदे दाखवले. एरवी वासरे आशेने पुढे जायची. शिंगांचे कोंब तापल्या लोखंडाने डागल्यानंतर तीच वासरे मधल्या छटेपाशी अडखळू लागली, जाईनात. वेदनेने त्यांची उमेद खचली होती. आपल्याकडे मार खाल्लेल्या खोंडाबद्दल म्हणतात, ‘त्याचं मन मोडलं.’ शास्त्रज्ञ त्याला निराशेचा कल म्हणतात.

2012 मध्ये केंब्रिजला मेंदू-शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढून सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे जीव यांच्याकडे जाणिवेची यंत्रणा असल्याचे मान्य केले. 2024 च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याने ही शक्यता मासे आणि कीटकांपर्यंत नेली. गोदाकाठच्या वाचकाला यात आश्चर्य ते काय, असे वाटेल. पैठणच्या एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात कावडीतली गंगा ओतली, नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावले, चक्रधरांनी पारध्यांपासून सशाला वाचवले, या कथा आपण आईच्या मांडीवर ऐकल्या. त्यांचे मोल मला कमी करायचे नाही. पण दया आणि हे शास्त्र यांत एक फरक आहे. दयेची सुरुवात देणाऱ्याच्या मनात होते, आणि तिथेच ती पुष्कळदा तृप्त होते. शास्त्र जनावराला विचारायला जाते. ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांनी कोंबड्यांपुढे दोन दारे ठेवली आणि कोणत्या दारातून त्या जातात ते बघितले. आपल्या आवडीचा घास भरवणे आणि समोरच्याची आवड विचारणे यांत जे अंतर असते तेच इथे आहे.

मराठी साहित्याने मात्र विचारले आहे. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ने 1971 मध्येच ट्रॅक्टर आल्यावर मळ्यातल्या जनावरांचे आणि त्यांच्यात रमलेल्या गड्याचे काय होते ते सांगितले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांना माणसाचे मुखवटे न चढवता नायक केले. आमच्या काही लेखकांनी या दोन पुस्तकांचे ऋण आपापल्या लेखांत मानले आहे, तेही प्रस्तावनेत नोंदले पाहिजे.

माणसाचे मुखवटे हा या क्षेत्रातला मोठा धोका आहे. डिसेंबर 2021 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावी वानरे कुत्र्याची पिल्ले उचलून उंचावर नेत होती. बघता बघता देशभर ‘वानरांचा सूड’ अशी बातमी झाली. सुडाची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड. पिल्लू हाती लागले की ते उचलून नेणे, सांभाळल्यासारखे करणे आणि मग उंचावर सोडून देणे, याची वानरांच्या स्वभावात दुसरी स्पष्टीकरणे सापडतात. पण ती कोणाला नको होती. वन विभागाने दोन वानरे पकडून नेली आणि गोष्ट संपली. प्राण्याला भावना नाहीत म्हणणे जितके चुकीचे, तितकेच आपल्या भावना त्याच्यावर लादणेही चुकीचे.

रानातल्या जीवांचे स्वास्थ्य हा सर्वांत अवघड भाग. किनवट-माहूरचे जंगल, पैनगंगा अभयारण्य, आणि लातूरकडचे सोयाबीन-तुरीचे उघडे पठार, जिथे हरणे, रोही आणि रानडुकरे शेतकऱ्याची झोप घेतात. रात्रभर माळ्यावर डबा वाजवत बसलेल्या माणसाला ‘रोह्याच्या भावना’ सांगायला जाण्यापूर्वी त्याची चिंता ऐकायला हवी, आणि आमच्या लेखकांनी ती ऐकली आहे. तरी एक गोष्ट प्रत्येक गावाला माहीत हवी. काळवीट वाट चुकून वस्तीत शिरते, पोरे मागे लागतात, कोणी धरून ठेवतो, भोवती मोबाईल उगारलेला घोळका जमतो. अंगावर जखम नसते, आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी ते मरते. अति धावपळ आणि भीती यांनी त्याचे स्नायू तुटून रक्तात विष पसरते, मूत्रपिंड आणि हृदय थकते. पशुवैद्यक याला पकडीचा स्नायुरोग म्हणतात. तिथे औषधापेक्षा अंधार, शांतता, डोळ्यांवर फडके आणि गर्दी मागे हटवणे उपयोगी पडते. या एका परिच्छेदाने एक काळवीट वाचले तरी पुस्तकाचा कागद सार्थकी लागला असे मी समजेन.

शहरांतल्या पाळीव प्राण्यांविषयी थोडे. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात बर्फाळ प्रदेशातली कुत्री फ्लॅटमध्ये पाळणे, दिवसभर साखळी, मिरवणुकीतल्या डीजेने आणि दिवाळीच्या फटाक्यांनी पलंगाखाली थरथरणारा जीव: हे सगळे नव्याने आले आहे आणि त्यासाठी गोठ्यासारखे वारशाने आलेले शहाणपणही नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला, तेव्हा चर्चा मुख्यतः माणसाच्या भीतीची झाली. हाकलले गेलेले, दगड खाल्लेले कुत्रेच जास्त चावते, हे त्या चर्चेत कमीच ऐकू आले. चावा घेतलेल्या मुलाच्या आईला हे सांत्वन होत नाही, हेही मी जाणतो.

कायदा काय म्हणतो? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे. 1965 च्या नियमांनुसार ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, आणि जिथे पारा 37 अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. लातूर-नांदेडचा एप्रिल-मे आठवा आणि वाळूची, विटांची गाढवे आठवा. नियम इतका नेमका आहे की तो वाचून वाईट वाटते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवताना पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. 2023 मध्ये राज्यांचे दुरुस्त कायदे ग्राह्य धरून शर्यतींना वाट मोकळी केली. या पुस्तकात शर्यतींवर दोन लेख आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. जमवून आणण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही.

हे सारे आत्ताच का? कारण प्राण्याचे मन वाचणारी माणसे आमच्या डोळ्यांदेखत कमी होत आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसे गेली. त्याच ढिगाऱ्यांखाली 15,000 हून अधिक जनावरेही गेली. वाड्यांत माणूस आणि जनावर एका छपराखाली निजत होते. नव्या आखीव गावांत घरे मिळाली, पण ती रचना तुटली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, त्या काळात किती दावणी मोकळ्या झाल्या हे बाजाराने पाहिले. 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि थकलेला बैल विकत घेणारे राहिले नाहीत. कायद्यामागची भावना काहीही असो, पोसण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडला आणि कितीतरी बैल रस्त्यावर आले. 2022 मध्ये लम्पी त्वचारोग आला, तेव्हा गाठींनी भरलेली जनावरे वेगळी बांधावी लागली आणि कळपापासून तुटलेल्या गायींचे हंबरणे गावांनी ऐकले. या सगळ्यात ट्रॅक्टर गावोगाव पोचला. बैलाबरोबर बैलाला ओळखणाराही गेला. शास्त्राने जनावराच्या मनाचा पुरावा दिला तो नेमका तो माणूस गोठ्यातून उठून जात असताना.

म्हणून या पुस्तकाने शास्त्र आणि तो माणूस, दोघांना एका ओसरीवर बसवले आहे. लेखकांत पशुवैद्यक आहेत, मेंढपाळ आहेत, म्हशी राखणाऱ्या बायका आहेत, वन विभागातून निवृत्त झालेले कर्मचारी आहेत. ज्यांनी तोंडी सांगितले त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत ठेवले आहे. ‘भावनिक स्वास्थ्य’ हा शब्द त्यांतल्या कोणाच्याच तोंडी नव्हता. एका बाईंनी तो दोनदा ऐकून घेतला आणि विचारले, ‘म्हणजे जनावर निवांत हाय का, एवढंच ना?’ आम्ही हो म्हणालो. पुढच्या पानांत ‘निवांत’ हा शब्द वारंवार भेटेल, तो त्यांचा.

एक उणीव राहिली आहे. कोंबड्यांवर एकच लेख आहे आणि तो सर्वांत शेवटी आला. गायी-बैलांसाठी आमच्याकडे जितके शब्द आहेत तितके कोंबडीसाठी नाहीत. ‘खुडूक’ हा त्यातल्या त्यात नेमका: अंडी उबवायच्या ओढीने खुराड्यात बसून राहिलेली, हात लावला तर फुगून अंगावर येणारी कोंबडी. अंड्यांसाठी निवडून वाढवलेल्या पोल्ट्रीच्या जातींतून ही ओढच जवळजवळ काढून टाकली आहे. आमच्या लेखिका एका शेडमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्या राहिल्या. तिथे खुडूक हा शब्द वापरायला त्यांना जागा सापडली नाही, आणि दुसरा शब्द सुचला नाही. तेव्हा त्यांनी कोणत्या वेळी कोणता आवाज आला, तो वाढला की ओसरला, दिवे लागल्यावर काय झाले, एवढेच ओळीने लिहून ठेवले आहे.